मानपानाचे अर्थशास्त्र : सापेक्ष प्रतिष्ठेची व्याख्या

आपण व्यवहारात ‘मान’ हा शब्द ज्या अर्थाने वापरतो, त्याचा विचार अर्थशास्त्रातही होतो असे सांगितले तर पुष्कळांस नवल वाटेल. अर्थशास्त्र म्हणजे भाव, व्याज, पीकपाणी आणि कर यांचा हिशेब, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. व्याह्यांचा मान राखला गेला की नाही, पंगतीत कोणाचे पान कोठे मांडले, अमक्याच्या घरच्या लग्नापेक्षा आपल्या घरचे लग्न फिके तर पडले नाही ना, या गोष्टी त्या हिशेबात बसतील असे वाटत नाही. परंतु धानाची बांधी गहाण पडते ती पुष्कळदा याच गोष्टींपायी. आणि ज्या कारणाने जमीन गहाण पडते त्या कारणाकडे अर्थशास्त्राने पाठ फिरवावी, हे त्या शास्त्राला शोभणारे नाही. सुदैवाने त्याने ती फिरविलेली नाही. या विषयाची त्याने जी व्याख्या केली आहे ती नीट समजून घेतल्यास घरातील काही निर्णयांकडे पाहण्याची दृष्टी बदलते, म्हणून तिचा येथे थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. आपल्या हट्ट्याच्या जुन्या बावडीत पायऱ्या उतरून खाली गेले असता भर उन्हाळ्यातही जो गारवा लाभतो, तो माझ्याबरोबर आणखी चार माणसे उतरली म्हणून उणा होत नाही, किंवा शेजाऱ्याला तो लाभला नाही म्हणून मला अधिक लाभत नाही. हे सुख निरपेक्ष आहे. याच्या उलट, कीर्तनाच्या वेळी पहिल्या ओळीत बसण्याचा मान घ्या. दहा माणसे पुढे बसली तर बाकीच्यांना मागे बसणे प्राप्तच आहे. सर्वांनाच पहिल्या ओळीत बसविता येत नाही. हे सुख सापेक्ष आहे, कारण इतरांचे स्थान कळल्याखेरीज त्याचे मोल ठरत नाही. एकाच वस्तूत ही दोन्ही सुखे एकत्र नांदू शकतात. बालाघाट जिल्ह्याच्या ज्या चिन्नोर तांदुळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा सुगंधी भात घरी जेवताना जे समाधान वाटते ते निरपेक्ष होय. तोच भात ‘आमच्या मांडवात चिन्नोर होता’ असे लोकांनी म्हणावे म्हणून वाढला, तर त्यात सापेक्ष सुखाचा अंश मिसळला.

अर्थशास्त्रज्ञ याची कसोटी अशी लावतात. एका कुटुंबाचे स्वतःचे उत्पन्न, घर, कपडालत्ता, जेवणखाण हे सर्व जसेच्या तसे ठेवावे आणि केवळ शेजाऱ्यांची स्थिती बदलली अशी कल्पना करावी. एवढ्याने त्या कुटुंबाचे समाधान किंवा त्याची निवड बदलत असेल, तर त्याची आवड सापेक्ष आहे. बदलत नसेल, तर निरपेक्ष. कसोटी दिसण्यात सोपी आहे. परंतु तिने जुन्या अर्थशास्त्राचे एक गृहीतकच हलविले. त्या शास्त्रात मनुष्य आपल्या पुढ्यातील वस्तूंची तुलना करून पसंतीचा क्रम लावतो असे मानले जाई, आणि त्या क्रमात शेजाऱ्याच्या पुढ्यातील वस्तूंना जागा नव्हती. नव्या मांडणीत पसंतीचा विषय एकटी वस्तू नसून जोडी असते : ‘माझ्याकडे इतके आणि इतरांकडे तितके.’ अशा दोन जोड्या समोर ठेवल्या असता मनुष्य कोणती पत्करतो, यावरून त्याची आवड ओळखावयाची. मनुष्य तुलना करतो म्हणून तो अविचारी ठरत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. जोड्यांचा क्रम तो सुसंगतपणे लावीत असेल, म्हणजे पहिलीपेक्षा दुसरी बरी आणि दुसरीपेक्षा तिसरी बरी म्हणणारा मनुष्य तिसरीला पहिलीपेक्षा बरी म्हणत असेल, तर शास्त्राच्या दृष्टीने त्याची आवड निर्दोष आहे. ती चांगली की वाईट, हा प्रश्न वेगळा.

हा विचार अगदी नवीन नाही. ॲडम स्मिथ याने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे की, प्राचीन ग्रीक व रोमन लोक तागाच्या सदऱ्यावाचून सुखाने राहत असावेत. परंतु त्याच्या काळच्या युरोपात साध्या मजुरालाही तसा सदरा नसेल तर चारचौघांत यावयास लाज वाटे. म्हणजे गरज शरीराची नव्हे, लाजेची. पुढे १८९९ साली थॉर्स्टीन वेब्लेन याने दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. केन्स याने १९३० साली मनुष्याच्या गरजांचे दोन वर्ग केले : एक, इतरांची स्थिती काहीही असली तरी भासणाऱ्या, दुसऱ्या, इतरांपेक्षा वर असल्याचे समाधान देणाऱ्या. पहिल्या तृप्त होऊ शकतात, दुसऱ्यांना कदाचित अंतच नाही, असे त्याचे म्हणणे. १९४९ साली जेम्स ड्युसेनबेरी याने असे दाखविले की, कुटुंब किती शिल्लक टाकते हे त्याच्या उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा आपल्या समाजात त्याचे स्थान कितवे आहे यावर अधिक अवलंबून असते. आपल्यापेक्षा वरच्यांचा संसार रोज डोळ्यांसमोर असला की हात आखडत नाही. फ्रेड हर्श याने १९७६ साली ज्या वस्तूंचे मोल त्यांच्या दुर्मीळ स्थानात आहे अशांना स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्यांना ‘स्थानमूलक वस्तू’ म्हणता येईल. देशाची संपत्ती कितीही वाढली तरी अशा वस्तू वाढत नाहीत, हा त्याचा मुद्दा होता.

आता व्याख्येच्या नाजूक भागाकडे वळू. ‘इतरांशी तुलना’ असे म्हटले म्हणजे काम संपत नाही. तुलना कशाशी, हे ठरवावे लागते. येथे अर्थशास्त्रज्ञांत दोन मुख्य पंथ आहेत. एक पंथ तुलना सरासरीशी करतो : माझा खर्च गावच्या सरासरीच्या किती वर किंवा किती खाली आहे? दुसरा पंथ केवळ क्रम पाहतो : माझ्या मागे किती आणि पुढे किती? दोन्ही एकच वाटतात, पण नाहीत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका वस्तीत पाच घरांनी आपापल्या मुलींच्या लग्नांत अनुक्रमे १, २, ३, ४ आणि ५ लाख रुपये खर्च केले. सरासरी ३ लाख. चार लाख खर्च करणारे घर सरासरीच्या वर आहे आणि क्रमाने दुसरे आहे. समजा, पहिल्या क्रमांकाच्या घराने पाचाऐवजी २५ लाख उधळले. सरासरी एकदम ७ लाखांवर गेली, आणि चार लाखवाले घर सरासरीच्या पुष्कळ खाली आले. परंतु क्रम पाहू जाता ते पूर्वी दुसरे होते, आताही दुसरेच आहे. सरासरीच्या व्याख्येप्रमाणे त्याची मानहानी झाली; क्रमाच्या व्याख्येप्रमाणे त्याचे काहीच बिघडले नाही. आता उलट बाजू पाहा. श्रीमंत घर पाच लाखांवरच राहिले, पण तीन लाखवाल्या घराने ४ लाख १० हजार खर्च केले. सरासरी जेमतेम ३ लाख २२ हजार झाली. पण चार लाखवाले घर दुसऱ्याचे तिसरे झाले. ज्याला क्रमाची आच आहे त्याला गढीवरच्या पंचवीस लाखांपेक्षा शेजारच्या दहा हजारांचाच चटका अधिक बसतो. आपल्या अनुभवाशी हे जुळते की नाही, हे वाचकांनीच पाहावे. मला विचाराल तर हट्ट्यासारख्या गावात दुसरी व्याख्या अधिक खरी उतरते.

त्यातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. हॉपकिन्स आणि कॉर्निएन्को या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली क्रमाच्या व्याख्येवर गणित मांडले, तेव्हा असे आढळले की समाजात विषमता कमी झाली असता दिखाऊ खर्चाची चढाओढ वाढू शकते. कारण उघड आहे. घराघरांत मोठे अंतर असेल तर थोडा खर्च वाढवून कोणी कोणाला मागे टाकू शकत नाही, म्हणून कोणी प्रयत्नही करीत नाही. पण सर्वांची धानाची जमीन जवळजवळ सारखी, सर्वांचे उत्पन्न जवळजवळ सारखे, अशा वस्तीत एक जादा पक्वान्न किंवा एक जादा वाद्यवृंद चार घरांना ओलांडून जाण्यास पुरतो. पुढे जाणे स्वस्त झाले की पुढे जाऊ पाहणारे वाढतात. अर्थात मागे पडलेली घरेही हातावर हात ठेवून बसत नाहीत. पाचही घरांनी खर्च दुप्पट केला तर २, ४, ६, ८, १० असा क्रम लागेल, म्हणजे पूर्वीचाच. क्रमांकांची एकूण बेरीज कोणालाच वाढविता येत नाही. एकाचा एक क्रमांक चढला की दुसऱ्या कोणाचा तरी उतरतो. पैसा मात्र दुप्पट गेला.

क्रम हीच वस्तू असली म्हणजे तिचा तंटा कसा होतो आणि कसा मिटतो, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रात प्रसिद्ध आहेत. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाल्यानंतर १८९० च्या दशकात विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढे कोणी राहावे हा प्रश्न उभा राहिला. ग्रामदैवत म्हणून कसबा गणपती पहिला आणि ग्रामदेवता म्हणून तांबडी जोगेश्वरीचा गणपती दुसरा, असा क्रम लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने लागला. त्यामागून गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा असे मानाचे पाच गणपती आजही ओळखले जातात. दुसरे उदाहरण आषाढी वारीचे. श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या चालतात, रथामागेही दिंड्या असतात, आणि प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला असतो. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. क्रम परंपरेने किंवा निर्णयाने बांधला गेल्यामुळे तो पैशाने विकत घेता येत नाही. दिंडीने ध्वज दुप्पट उंच केला म्हणून तिचा क्रमांक पुढे सरकत नाही. मान तेथेही आहे, तो हवाहवासाही वाटतो. पण त्याच्यासाठी खर्चाची शर्यत लागत नाही. लग्नाच्या मांडवात क्रम असा बांधलेला नसतो. तेथे तो दरवर्षी नव्याने, पैशाने ठरतो.

मत्सर आणि अनुकरण यांतही अर्थशास्त्र भेद करते, आणि तो आपल्या नेहमीच्या बोलण्यातल्या भेदापेक्षा अधिक काटेकोर आहे. शेजाऱ्याने नवी मोटारसायकल घेतली आणि माझे समाधान उणावले, तर तो मत्सर. शेजाऱ्याने घेतली म्हणून मलाही ती घेण्याची ओढ वाढली, तर ते अनुकरण. दोन्ही एकत्र असतील असे नाही. एखादा मनुष्य मनातून जळतो पण खर्च करीत नाही. दुसऱ्याच्या मनात कसलेही वैषम्य नसते, तरी सर्वांनी घेतली म्हणून तोही घेतो. ड्युपोर आणि लिऊ यांनी २००३ साली दाखविले की समाजाचा खर्च गरजेपेक्षा फुगतो तो पहिल्या वृत्तीमुळे, कारण प्रत्येकाचा खर्च दुसऱ्याच्या समाधानातून काहीतरी काढून घेतो आणि त्याची भरपाई कोणी करीत नाही. नुसत्या अनुकरणात असे अपरिहार्यपणे होत नाही. आपण मात्र गावात अनुकरणालाच जास्त नावे ठेवतो.

हे सर्व कागदावरचे तर्क आहेत की माणसे खरोखर अशी वागतात? याचा शोध दोन रीतींनी घेतला गेला. सोल्निक व हेमेनवे यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातील लोकांना असे विचारले होते : तुम्हांस वर्षाला ५० हजार डॉलर व इतरांस २५ हजार, हे पत्कराल, की तुम्हांस एक लाख व इतरांस दोन लाख, हे पत्कराल? वस्तूंचे भाव दोन्ही ठिकाणी सारखेच. सुमारे निम्म्या लोकांनी कमी पैसा पण वरचे स्थान पसंत केले. सुट्टीच्या दिवसांबद्दल तोच प्रश्न केला, तेव्हा तसे उत्तर देणारे पुष्कळच थोडे निघाले. विश्रांती मनुष्य स्वतःसाठी घेतो, पैसा मात्र दुसऱ्याकडे पाहून मोजतो, असा याचा अर्थ लावता येईल. अर्थात प्रश्नपत्रिकेवरील उत्तराला खिशातील पैसा लागत नाही, म्हणून अशा पाहणीवर मी फार भार टाकणार नाही.

त्या दृष्टीने ओडिशातील प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. ब्रेझा, कौर आणि शामदासानी यांनी तो २०१८ साली प्रसिद्ध केला. त्यांनी ३७८ मजुरांना सुमारे महिनाभर प्रत्यक्ष काम दिले. काही तुकड्यांत सर्वांना सारखी मजुरी, काहींत कामाच्या पूर्वीच्या वकुबाप्रमाणे थोडी कमीजास्त. ज्यांना सोबत्यांपेक्षा कमी मिळाले त्यांचे काम घटले, आणि ते कामावर येण्याचेही चुकवू लागले. हजेरी चुकली की त्या दिवसाची मजुरी बुडते. हातावर पोट असलेल्या माणसांनी तीही बुडू दिली. परंतु ज्या कामात कोणी किती माल तयार केला हे सर्वांना डोळ्यांनी दिसत होते, तेथे मजुरीतील फरकाने असा परिणाम झाल्याचे आढळले नाही. म्हणजे नुसते खाली असणे झोंबत नाही. कारण न कळता खाली असणे झोंबते. सापेक्ष स्थानाच्या कोणत्याही सूत्रात ‘न्याय’ हा शब्द लिहिलेला नसतो, पण मजुराच्या मनात तो असतो.

याहून मूलगामी शंका अशी की, मनुष्याला मान मानासाठीच हवा असतो, की मानाने पुढे काही मिळते म्हणून? कोल, मायलाथ आणि पोस्टलवेट यांनी १९९२ साली ही बाजू मांडली. त्यांच्या मते स्थानाची ओढ मनात मूळचीच असते असे मानण्याची गरज नाही. बाजारात पैशाने न मिळणाऱ्या काही गोष्टी स्थानावरून वाटल्या जातात, आणि त्यांत सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सोयरीक. वरच्या घराची सोयरीक वरच्या घराशी जुळते. तेव्हा थोरल्या मुलीच्या लग्नात जो बाप ऐपतीबाहेर खर्च करतो, तो कदाचित मिरविण्यासाठी करीत नसून धाकटीसाठी करीत असतो. ब्लॉख, राव व देसाई यांनी कर्नाटकातील कुंभार कुटुंबांच्या लग्नांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. त्यांचेही सांगणे याच दिशेने जाते. नवरदेवाचे घर गावातलेच असेल तर त्याची योग्यता सर्वांना ठाऊक असते, सांगावी लागत नाही. सोयरीक परगावची असेल तर ‘आम्हांला किती चांगले घर मिळाले’ हे गावाला कळविण्याचे साधन म्हणजे समारंभाचा थाट. खर्च हा येथे एक प्रकारचा निरोप आहे, आणि निरोप महाग असतो म्हणूनच लोक त्यावर विश्वास ठेवतात. आपल्याकडे गोंदिया, भंडारा, नागपूर येथून वराती येतात. हा मुद्दा समजण्यास आपणांस लांब जावयास नको.

तथापि लग्नखर्चाला साऱ्या कर्जाचे खापर चिकटविण्याची जी सवय सुशिक्षितांना आहे, तिच्यापासून सावध असावे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, आणि त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने हा प्रश्न तपासला. रयत लग्नकार्यांपायी बुडते असे तेव्हाही सर्रास म्हटले जाई. या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असे आयोगाचे मत पडले. असे प्रसंग क्वचित येतात, आणि अनेक वर्षांचा हिशेब केला तर तो खर्च रयतेच्या मानाने अवाजवी म्हणता येणार नाही, असे त्याने नमूद केले. सारा, व्याज आणि दुष्काळ यांनी खचलेल्या माणसाला उधळ्या म्हणून मोकळे होणे सोपे असते.

एवढे सांगितल्यावर उपायाचा प्रश्न उरतोच, आणि तेथे व्याख्येचा उपयोग होतो. खर्च हा शर्यतीतला पळ असेल तर एकट्या घराने थांबून भागत नाही. जो थांबला तो मागे पडला. खर्च हा सोयऱ्यांसाठी निरोप असेल तर एकट्याने न बोलण्याचाही अर्थ लोक लावतात, आणि तो बहुधा ‘ऐपत नसावी’ असाच असतो. म्हणून अशा ठिकाणी उपदेशाने काम होत नाही; सर्वांना एकाच वेळी बांधणारा नियम लागतो. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने साध्या विवाहाची पद्धत चालविली. तिचा मुख्य हेतू पुरोहितावाचून विवाह लावणे हा होता, तरी मागे समाज उभा असल्यामुळे साधेपणा ही एकट्या घराची नामुष्की राहिली नाही. आपल्या मध्य प्रदेशात शासनाने २००६ साली मुख्यमंत्री कन्यादान योजना सुरू केली, आणि एका मांडवात अनेक जोडप्यांची लग्ने लागू लागली. अनेक ज्ञाती-समाजही आपले सामूहिक विवाह भरवितात. एक मांडव, एक पंगत, एकच वाजंत्री. क्रम लावावयास जागाच नाही.

परंतु नियमाने एक दार लावले की शर्यत दुसरे दार शोधते, हेही खरे. जेवणातील पक्वान्ने मर्यादित केली तर आंदण वाढते. आंदण झाकले तर निमंत्रणपत्रिका भारी होते. सामूहिक विवाह आटोपून घरी पुन्हा वेगळे स्वागत-जेवण घालण्याची चाल पडते. आणि सर्वांत अवघड गोष्ट अशी की, सामूहिक मांडवात केवळ गरिबांचीच लग्ने लागू लागली, तर त्या मांडवात उभे राहणे हाच एक निरोप होतो, आणि निकड असलेली घरेही तो निरोप टाळण्यासाठी पुन्हा कर्ज काढतात. तो निरोप पुसला जातो तेव्हा, जेव्हा ज्याला दहा पक्वान्ने परवडतात अशा घराची मुलगी त्याच ओळीत, त्याच पाटावर बसते. त्या घराचे यात काही जाते खरे, पण सर्वांत थोडे जाते. कारण त्याची ऐपत गावाला आधीच ठाऊक असते, आणि ती सांगण्यासाठी त्याला मांडवाची गरज नसते.